मदत हवी आहे: आजीच्या पटावर पचिसी कशी खेळायची?

नमस्कार मंडळी. आजीच्या ट्रंकेत कापडी पट सापडला. चार पट्ट्या, प्रत्येकीत तीन ओळी, ओळीत आठ घरं. काही घरांवर लाल दोऱ्याने फुल्या घातलेल्या. सोबत सोळा लाकडी सोंगट्या आणि सहा कवड्या. म्हणजे पचिसीच, जिच्यावरून बेतलेल्या लुडोचं पेटंट इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घेतलं गेलं. पण लुडोचे नियम इथे कसे चालणार? तिथे फासा, सहाला सोंगटी बाहेर. इथे कवड्या, आणि सगळ्यात मोठं दान पंचवीस!

तुमच्या घरी सोंगटी कोणत्या दानावर बसवायचे? फुलीवरची सोंगटी मारायचे का? जोडीने खेळताना, आपल्या चारही सोंगट्या घरी पोचल्यावर साथीदारासाठी दान टाकायचे का? दिवाळीत सगळी भावंडं जमतील, तेव्हा याच पटावर खेळायचंय. घरातल्या थोरांना विचारून नक्की सांगा.