रविवारची सकाळ आणि नागपूरचा भाजीबाजार : आपले अनुभव लिहा

इतवारीची लेक

गेल्या रविवारी सासूबाईंना घेऊन गोकुळपेठेच्या बाजारात गेले होते. तिथे एका आजोबांनी नातवाच्या दोन्ही तळहातांवर एकेक वांगे ठेवले आणि "यातले हलके कोणते, सांग बरं," असे विचारले. नातू डोळे मिटून बराच वेळ हात खालीवर करत राहिला आणि शेवटी त्याने डाव्या हातातले वांगे पिशवीत टाकले. ते पाहून मला माझे बाबा आठवले आणि घरी येईपर्यंत दुसरे काही सुचले नाही.

आमचे बाबा सरकारी नोकरीत होते, त्यामुळे रविवार हाच त्यांचा बाजाराचा वार होता. उजाडायच्या आत आम्ही भावंडे तयार होत असू. मी स्कूटरवर पुढे उभी, दादा मागे आणि दोघांच्या हातात कापडी पिशव्या, असे आम्ही कॉटन मार्केटला पोहोचायचो. तिथे ठोक भावाने माल मिळे, म्हणून शेजारच्या काकूंचाही वाटा आम्हीच आणत असू. भरताचे वांगे निवडणे हे माझे काम होते. साल चकचकीत हवी, देठ हिरवा हवा आणि आकाराच्या मानाने वांगे हलके लागायला हवे, कारण जड वांग्यात बिया जास्त निघतात. बाबा स्वतः कधीही निवडून देत नसत. मी निवडलेले वांगे ते फक्त एकदा हातात घेऊन पाहत आणि काही न बोलता तराजूत ठेवत. त्या न बोलण्याचा मला किती अभिमान वाटे!

मुलांना बाजारात न्यावे, त्यांच्या हातात भाजी द्यावी आणि निवडू द्यावे, असे मला मनापासून वाटते. आपल्याही घरी अशी सकाळ असेल तर अवश्य लिहा.

शुक्रवारीकर

आमच्याकडे हिवाळ्यातील रविवार म्हणजे ओल्या तुरीच्या शेंगा. आई शेंग कानाजवळ नेऊन हलवत नसे की सोलूनही पाहत नसे. ती फक्त बोटांनी दाबत जाई आणि दाणा भरलेला असला तरच शेंग घेई. पिवळी पडू लागलेली शेंग ती बाजूला सारायची, कारण तिचा दाणा शिजायला वेळ लागतो आणि गोडवाही कमी होतो. घरी आल्यावर अंगणात उन्हात सतरंजी टाकून आजीपासून धाकट्या बहिणीपर्यंत सगळे सोले काढायला बसत. दुपारी सोलेभात आणि कढी ठरलेली असे.

मूळची भंडाऱ्याची

शिंगाड्यांची आठवण कोणी काढली नाही, म्हणून लिहिते. आमच्या भागातील तलावांतले शिंगाडे नागपूरच्या बाजारात येत, तेव्हा मामा ओले हिरवे आणि उकडलेले काळे असे दोन्ही घेऊन देत असत. उकडलेला शिंगाडा दातांनी फोडताना ओठ काळे होत आणि त्यावरून आम्हां मामेभावंडांत हसून हसून पुरेवाट होई.

कळमन्याजवळ राहणारा

भाजीबरोबर वर्षभराच्या तिखटाचाही विषय निघायला हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक रविवार मिरचीचा असे. आई, काकू आणि आत्या अशा तिघी मिळून जात आणि आम्हां मुलांना पोती उचलायला नेत. भिवापूरची मिरची रंगाला आणि तिखटपणाला हवी, तर दुसरी एखादी कमी तिखट मिरची भाजीला लाली यावी म्हणून, असे त्यांचे मिश्रणाचे प्रमाण ठरलेले होते आणि ते तिघींपैकी कोणीही कुठे लिहून ठेवले नव्हते. आत्या मिरची मोडून पाहायची. नीट वाळलेली मिरची कट्कन मोडते आणि आत बिया सुट्या खुळखुळतात. वाकणारी मिरची म्हणजे ओल राहिली आहे, तिला पुढे बुरशी येणार. पोत्याच्या वरची मिरची पाहून ती कधी भाव करत नसे, हात कोपरापर्यंत आत घालून तळाची मूठ बाहेर काढायची आणि मग व्यापाऱ्याला म्हणायची, "भाऊ, आता याचा भाव सांगा."

पुढचे दोन दिवस गच्चीवर मिरची वाळत असे आणि देठ खुडणाऱ्यांच्या हातांची आग होत असे. आत्या आता नाही. काकूंना तिचे प्रमाण विचारून मी वहीत उतरवून घेतले आहे आणि दरवर्षी त्याप्रमाणेच तिखट करतो.

इतवारीची लेक

दादा, आत्यांचे तळाची मूठ काढणे वाचताना अंगावर काटा आला. वही जपून ठेवा.

संत्र्याच्या गावचा

माझे वडील रेल्वेत होते. स्टेशनच्या पूर्वेकडील संत्रा मार्केट आमच्यासाठी घरच्यासारखे होते. काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागांतून माल येई आणि सकाळच्या गारव्यात त्या सालीचा वास रस्त्यापर्यंत पसरलेला असे. बाबांनी शिकवले की आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास येतात आणि त्यांत थोडा आंबटपणा असतो. मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि ती अधिक गोड लागतात. म्हणूनच ते दिवाळीला थोडीच संत्री घेत आणि उन्हाळा लागण्याआधी टोपलीभर आणत.

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बाबांनी ती बातमी कापून ठेवली होती. रंगावर जाऊ नये, हे त्यांचे सांगणे मला आजही पटते. हिरवट सालीचे फळही आतून पिकलेले असू शकते. हातात घेतल्यावर ते रसाने जड लागले पाहिजे आणि साल फार पोकळ झालेली नसावी.

सध्या पुण्यात

येथे ढेमसे मिळतात, पण कोवळे मिळत नाहीत. नागपूरला आल्यावर रविवारी सकाळी कोणत्या बाजारात जावे, हे कोणी सांगेल का? आईच्या हातची भरलेली ढेमशी खायची फार इच्छा आहे आणि तिचे गुडघे आता तिला बाजारापर्यंत नेत नाहीत.

शुक्रवारीकर

ताई, आईंना रिक्षाने सक्करदऱ्याच्या बाजाराच्या तोंडापर्यंत न्या आणि तिथेच एखाद्या ओळखीच्या दुकानात खुर्चीवर बसवा. आपण भाजी आणून त्यांना दाखवा, नको असेल ती त्या परत पाठवतील. माझ्या आईला आम्ही असेच नेतो आणि ती दिवसभर आनंदात असते.

सध्या पुण्यात

दादा, हे मला सुचलेच नव्हते. या वेळी नक्की करते. मनापासून आभार.

पावसाळी भाजीवाली

पावसाळ्यातील बाजार मला सर्वांत प्रिय आहे. आसपासच्या खेड्यांतून बाया पहाटेच्या बसने येतात आणि रस्त्याच्या कडेला ओल्या फडक्यावर तरोटा, पातूर, चिवळ मांडून बसतात. तरोटा पहिल्या पावसानंतरचाच घ्यावा, पुढे पान जून होते. काटवल महाग असते, तरी वर्षातून एकदा तरी ते घरी आलेच पाहिजे, असा सासऱ्यांचा आग्रह असे. या बायांकडे दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करणे मला पटत नाही. रानात वाकून एकेक पान खुडून आणलेली ती भाजी असते. सासरे तर भाव ठरल्यावरही वर थोडे पैसे ठेवत. "अहो बाबूजी, बोहणीचा वेळ आहे, सुटे राहू द्या," असे भाजी विकणारी बाई म्हणे आणि एक जुडी सांभार (कोथिंबीर) आमच्या पिशवीत टाकून देई.

धरमपेठेतून

बाजारानंतरच्या तर्री पोह्यांचा उल्लेख अजून कसा आला नाही? आमच्याकडे पोह्यांच्या आशेनेच मुले पिशव्या उचलत. हरभऱ्याची झणझणीत तर्री, वर शेव आणि कांदा! बाबा स्वतः कमी तिखटाचे पोहे घेत आणि त्यांच्यातील हरभरे आम्हांला वाटून देत.

पावसाळी भाजीवाली

आमच्याकडेही तसेच होते. सासरे मात्र आधी भाजी घरी पोहोचवत, कारण पालेभाजी उन्हात कोमेजते.

इतवारीची लेक

सर्वांचे लिहिणे सासूबाईंना वाचून दाखवत आहे. त्या विचारतात की अंबाडीची भाजी कोणाकडे कण्या घालून करतात. आमच्याकडे अंबाडी उकडून तिचे आंबट पाणी काढून टाकतात, मग तुरीची डाळ आणि तांदळाच्या कण्या घालून शिजवतात आणि वरून लसणाची भरपूर फोडणी देतात. येत्या रविवारी जुडी आणणार आहोत. कोणी ज्वारीच्या कण्या घालत असेल तर प्रमाण कळवा.