घरात, वर्गात, भेटीला गेल्यावर गॉगल: ठेवायचा की काढायचा?

उजवा_डोळा:

माझ्या उजव्या डोळ्याला आयरायटिस झालाय. दोन वर्षांतली ही तिसरी खेप. बाहुलीभोवती जो रंगीत पडदा असतो त्याला सूज येते, डोळा लाल होऊन ठणकतो आणि उजेड सहन होत नाही. सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडचे थेंब चालू आहेत, सोबत ॲट्रोपिन. ॲट्रोपिनने बाहुली मोठी होते आणि तशीच राहते. ती तशी ठेवावीच लागते, नाहीतर सुजलेला पडदा मागच्या भिंगाला चिकटण्याची भीती असते.

थोडक्यात, उजेडात माझी डावी बाहुली लहान होते, उजवी होत नाही. मी गणित शिकवते, त्यामुळे एक हिशेब सारखा डोक्यात असतो: बाहुलीचा व्यास २ मिलिमीटरचा ८ झाला की क्षेत्रफळ १६ पट होतं. तेवढा जास्त उजेड आत येतो.

बाहेर गॉगल लावला तर कुणी काही म्हणत नाही. अडचण घरात शिरल्यावर सुरू होते.

गेल्या सोमवारी शिक्षकांची बैठक होती. खोलीत सहा ट्यूबलाइट, पांढऱ्या भिंती, समोर प्रोजेक्टर. मी गॉगल लावून बसले होते. एका वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, इथे ऊन लागतंय का?" लोक हसले. मी गॉगल काढला आणि पुढची चाळीस मिनिटं कपाळावर हात आडवा धरून बसले. काय ठरलं ते दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंना विचारावं लागलं.

दुसरा प्रसंग जास्त लागला. एका मैत्रिणीचे वडील गेले, म्हणून तिच्या घरी गेले होते. दारातच गॉगल काढून पर्समध्ये टाकला. अशा घरात डोळे झाकून कसं जायचं? आतल्या उजेडाने उजव्या डोळ्याला धार लागली. मैत्रिणीची आई उठून माझ्याजवळ आली, माझा हात धरून मला समजावू लागली. मला वाईट वाटत होतंच, पण ते पाणी दुःखाचं नव्हतं. जिचा नवरा गेला होता ती मला धीर देत होती, आणि मी काही बोलू शकले नाही.

तर विचारायचं आहे ते असं. आत गॉगल लावणं खरोखर गरजेचं आहे, की मी उगाच सवय लावून घेतेय? आणि लावायचाच असेल तर कुणाला, कधी, किती सांगायचं?

अर्धशिशी_चौदावर्षं:

ताई, तुमची आणि माझी गोष्ट वेगळी आहे, पण माझ्याकडून झालेली चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

मला चौदा वर्षांपासून अर्धशिशी आहे. मध्यंतरी ऑफिसात ट्यूबलाइटखाली बसवत नव्हतं, म्हणून बाहेर वापरायचा गॉगलच आत लावायला लागलो. पहिले पंधरा दिवस इतकं बरं वाटलं की मी तो स्वयंपाकघरात, जिन्यात, टीव्हीसमोरही काढेना. सहा महिन्यांनी अशी वेळ आली की गॉगल काढून फ्रिज उघडला तरी डोक्यात कळ जायची. डॉक्टरांनी कारण सांगितलं. डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) अंधाराला सरावतो. अंधाऱ्या खोलीत गेल्यावर अर्ध्या तासात डोळा किती संवेदनशील होतो ते आपण सगळेच अनुभवतो. मी दिवसभर तोच अंधार डोळ्यांपुढे घेऊन फिरत होतो, मग साधा उजेडही सुरीसारखा लागणारच.

तो गॉगल सोडायला मला तीन महिने लागले. आधी घरात सकाळचा एक तास, मग दोन, असं करत गेलो. ऑफिससाठी डॉक्टरांनी फिकट गुलाबी काच दिली, तिला एफएल-४१ म्हणतात. ती सगळा उजेड कमी करत नाही, मुख्यतः निळा-हिरवा भाग अडवते. डोळ्याच्या त्या मागच्या पडद्यात काही पेशी दिसण्यासाठी नसून उजेड मोजण्यासाठी असतात, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सर्वात जास्त प्रतिसाद देतात आणि अर्धशिशीत दुखणं वाढवण्यात त्यांचा हात असतो. गुलाबी काचेतून समोरच्याला माझे डोळे दिसतात, हा तिचा दुसरा गुण. खरं सांगू, माझं निम्मं अवघडलेपण त्यानेच गेलं.

तुमच्या बाबतीत बाहुली औषधाने उघडी आहे. ती स्वतःहून मिटू शकत नाही, तेव्हा तिचं काम चष्म्याने करणं याला मी सवय म्हणणार नाही. थेंब चालू असेपर्यंत बिनदिक्कत लावा. पण ॲट्रोपिन थांबवल्यावरही बाहुली पूर्ववत व्हायला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. त्या दिवसांत हळूहळू सोडत या. आणि आत बसताना खिडकीकडे पाठ करा, फरक लगेच कळेल.

काउंटरमागे:

चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं उभा आहे. वरचं सगळं पटलं, फक्त एक गोष्ट कुणी विचारली नाही: ताई, तुम्ही आत लावताय तो गॉगल किती गडद आहे?

काडीच्या आतल्या बाजूला बहुधा बारीक आकडा असतो, कॅटेगरी ० ते ४. कॅटेगरी ३ म्हणजे काच फक्त ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते. कडक उन्हासाठी ती बरोबर आहे, कारण भर उन्हात एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास उजेड असतो. ऑफिस किंवा वर्गात तो ३०० ते ५०० लक्स असतो. त्यातला दहा टक्के उरला तर तुम्ही तीस ते पन्नास लक्समध्ये बसलात, त्यात फळ्यावरचं काय दिसणार! आतल्यासाठी कॅटेगरी १ बघा, ती ४३ ते ८० टक्के सोडते. फारच त्रास असेल तर २, ती १८ ते ४३. समोरच्याला तुमचे डोळे निदान अंधुक तरी दिसतात. कॅटेगरी ४ लावून गाडी चालवायची नाही, हे गिऱ्हाइकांना मी अजूनही रोज सांगतो. आणि रात्री गाडी चालवताना कुठलीच गडद काच नको.

आता बाहेरचं, कारण लोक इथेच सर्वात जास्त फसतात. काच गडद असणं आणि अतिनील किरण अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील अडवण्याचा गुण काचेत किंवा तिच्या लेपात असतो, पूर्ण पारदर्शक काचेतही तो असू शकतो. 'यूव्ही ४००' लिहिलं असेल तर ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. नुसती रंगवलेली गडद काच घातली तर उजेड कमी झाल्यामुळे बाहुली मोठी होते, डोळे बारीक करायचीही गरज वाटत नाही, आणि अतिनील किरण मात्र मोकळे आत जातात. त्यापेक्षा काही न लावलेलं बरं. मुलांसाठी खेळण्यातला गॉगल घेणाऱ्या आईवडिलांना मी हात जोडून हेच सांगतो.

फ्रेमही बघा. डोळ्यापासून लांब राहणाऱ्या छोट्या काचांच्या बाजूने, वरून किरण येतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे जे मांस वाढतं, टेरिजियम, ते बहुधा नाकाच्या बाजूने वाढतं. कानाकडून तिरपा आलेला उजेड बुबुळातून वळून नेमका त्या कडेवर एकवटतो, हे त्याचं एक कारण मानतात. ढगाळ हवेवरही विसंबू नका, पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण येऊ शकतात. बर्फावरून तेवढेच परत उलटतात. दर हजार मीटर चढलात की साधारण दहा टक्क्यांची भर पडते. अतिनील निर्देशांक (यूव्ही इंडेक्स, म्हणजे त्या वेळच्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) ३ किंवा त्याहून जास्त असेल तर गॉगल चैनीचा राहत नाही.

फोटोक्रोमॅटिक काच आत-बाहेर दोन्हीकडे चालेल असं तुम्हाला कुणीतरी सुचवेल. ती अतिनील किरणांनी काळी होते. आत ट्यूबलाइटखाली ती काळी होणार नाही, म्हणजे तुमच्या बैठकीत तिचा उपयोग शून्य. गाडीतही समोरची काच हे किरण अडवते, तिथेही ती फारशी गडद होत नाही. पोलराइज्ड काच पाण्यावरची आणि रस्त्यावरची चकाकी कापते, पण मोबाइलचा किंवा मशीनचा पडदा तिरका धरला की काळा दिसतो. वर्गासाठी ती घेऊ नका.

ओठांवरून_ऐकते:

मला ऐकू कमी येतं. दोन्ही कानांना यंत्रं आहेत, तरी निम्मं बोलणं मी ओठ आणि डोळे बघून समजून घेते. समोरच्याने गडद गॉगल लावला की शब्द कळतात, पण विचारलंय की सांगितलंय, रागाने की प्रेमाने, तेच कळत नाही.

म्हणून खिडकीकडे पाठ करण्याचा सल्ला मला खटकला. मागून उजेड आला की माझ्यासाठी बोलणाऱ्याचा चेहरा नुसती काळी आकृती होतो. तुमच्या वर्गातही एखादं मूल असेल ज्याला पहिल्या बाकावरून तुमचा चेहरा दिसणं गरजेचं आहे, आणि त्याने ते कुणाला सांगितलेलं नसेल. उजवा डोळा दुखतो ना, मग खिडकी डाव्या हाताला ठेवून उभ्या राहा. उजेड चांगल्या डोळ्याकडून येईल आणि चेहराही दिसेल. पुढे आलेल्या कडेची टोपी घातलीत तर वरचे दिवे कापले जातील.

आणि कृपा करून सांगा. "माझ्या डोळ्यात औषध आहे, म्हणून चष्मा आहे, तुमच्याकडेच बघतेय." एवढं एक वाक्य कुणी सुरुवातीलाच बोललं तर माझा अर्धा ताण उतरतो. न सांगता झाकलेल्या डोळ्यांसमोर बसले की मी तासभर अंदाज बांधत राहते.

सत्तरी_पार:

माझं मत थोडं जुनं वाटेल, पण मनापासून आहे. घरात, मोठ्यांसमोर आणि दुःखाच्या जागी डोळे दिसायला हवेत. मोतीबिंदू काढल्यावर मलाही काही दिवस सगळं भगभगीत, निळसर दिसायचं, तेव्हा मीही काळा चष्मा लावला होता. त्रास काय असतो ते ठाऊक आहे. पण घरात शिरल्यावर मी तो काढायचो, समोरच्याकडे नीट बघून पहिली दोन वाक्यं बोलायचो, कारण सांगायचो आणि परत लावायचो. कुणाला वाईट वाटल्याचं आठवत नाही. चष्मा लावून आत शिरणं आणि सांगून लावणं यात फार अंतर आहे, बेटा.

बैठकीत बोललेले वरिष्ठ मात्र चुकले. विचारायचं होतं तर बाजूला घेऊन विचारायचं.

उजवा_डोळा:

तीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्हा सगळ्यांचे आभार.

काउंटरमागे दादा, तुम्ही म्हणालात म्हणून काडी बघितली. कॅटेगरी ३. तो आता फक्त बाहेर. आतल्यासाठी डॉक्टरांना विचारून फिकट तपकिरी, कॅटेगरी १ घेतला. डॉक्टर म्हणाले, थेंब आहेत तोवर लावा, पण डोळा जास्त लाल झाला किंवा अंधुक दिसायला लागलं तर चष्म्याने दाबून न ठेवता लगेच या. हे इथे मुद्दाम लिहितेय. गेल्या खेपेला उजेडाचा त्रास वाढल्यावर मी नुसता जास्त गडद गॉगल लावला होता आणि चार दिवस उशिरा गेले होते.

वर्गात खिडकी डावीकडे येईल अशी उभी राहते. पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकलं. मग जोड्या केल्या, खिडक्या लावून दिवे बंद केले, पुन्हा लावले आणि एकमेकांच्या बाहुल्या बघायला लावल्या. मग मी चष्मा काढून माझे दोन्ही डोळे दाखवले. एकीने विचारलं, "बाई, मग हा डोळा अंधारातच आहे असं समजतोय का?" मी म्हटलं, हो, तसंच. तिने पट्टी घेऊन फळ्यावर २ आणि ८ मिलिमीटर व्यासाची वर्तुळं दहा पट मोठी करून काढली. ती अजून पुसलेली नाहीत.

बैठकीआधी वरिष्ठांना एकटं गाठून सांगितलं. ते थोडे गप्प झाले, मग म्हणाले की प्रोजेक्टरजवळचे दोन दिवे बंद ठेवता येतील. आता ते बंद असतात.

ओठांवरून_ऐकते ताई, तुमची शंका खरी निघाली. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा आता पहिल्या बाकावर बसतो.

आजोबा, तुमचं ऐकून मैत्रिणीच्या घरी आधी फोन केला. संध्याकाळी गेले. दारात चष्मा काढला, काकूंकडे बघितलं आणि त्या दिवशीचं सगळं खरंखरं सांगितलं: डोळ्याला काय झालंय, ते पाणी कशाचं होतं, आणि त्यांनी मला धीर दिला तेव्हा मी गप्प का राहिले. काकू उठल्या, वरचा दिवा बंद केला आणि कोपऱ्यातला लहान दिवा लावला. म्हणाल्या, "यांनाही शेवटी उजेड सोसत नव्हता." मग बराच वेळ काकांबद्दल बोलत राहिल्या. चष्मा माझ्या हातातच राहिला.

ॲट्रोपिन परवा थांबलंय. उजवी बाहुली अजून मोठीच आहे. सकाळी एक तास चष्म्याशिवाय बसायला सुरुवात केली आहे.