मदत हवी आहे: एलडीएचमधून नायट्रेट निघतच नाही

प्रयोगवही: मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम एलडीएच (लेयर्ड डबल हायड्रॉक्साइड: धातूंच्या हायड्रॉक्साइडचे थर आणि त्यांच्यामध्ये नायट्रेटसारखे ऋण आयन) केलंय, २:१, दोन्ही धातूंचे नायट्रेट घेऊन. आता नायट्रेटच्या जागी सॅलिसिलेट घालायचंय. पण एक्सआरडीतलं (क्ष-किरण विवर्तनातलं) पहिलं पीक ११.६ अंशांवरून तसूभर हलत नाही. सोमवारी गाईडना दाखवायचंय. लवकर सांगा.

जुना_रसायनी: एक्सआरडीत तांब्याची क्ष-किरण ट्यूब असेल तर थरांमधलं अंतर ७.६ अँगस्ट्रॉम झालं. म्हणजे आत कार्बोनेट आहे. नायट्रेट असतं तर ८.९च्या आसपास मिळालं असतं, पीक १० अंशांजवळ. अवक्षेप कशाने पाडलात? पीएच? हवा दूर ठेवायला नायट्रोजन सोडला होता?

प्रयोगवही: कॉस्टिक सोड्याने, पीएच १०. नायट्रोजनचा सिलिंडर नाही. पण कार्बोनेट मी घातलेलंच नाही!

जुना_रसायनी: घालावं लागत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिकमध्ये आपसूक मुरतो. एलडीएचला कार्बोनेटची ओढ सर्वात जास्त, नायट्रेटची फार कमी. एकदा कार्बोनेट बसलं की सॅलिसिलेट त्याला हलवू शकत नाही.

भट्टीवाला: बॅच फेकू नका. ४५०-५०० अंशांवर भाजा, पावडर थेट सॅलिसिलेटच्या द्रावणात टाका. भाजल्यावर कार्बोनेट निघून जातं आणि मोडलेले थर द्रावणात पुन्हा जुळतात. मी कायम असंच करतो.

जुना_रसायनी: जुळताना पाण्यातला हायड्रॉक्साइडही आत शिरतो, आणि भांडं उघडं राहिलं तर पुन्हा कार्बोनेट. नवी बॅच करणंच बरं.

भट्टीवाला: उकळलेलं पाणी आणि बंद बाटली वापरली की काम होतं. सोमवारपर्यंत नवी बॅच कुठून आणणार?

विदर्भकर: भाजलेलं एलडीएच फ्लोराइडही चांगलं ओढतं. आमच्या यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर जातं. गावात वापरण्यासारखं फिल्टर कुणी केलंय का?

भट्टीवाला: लॅबच्या पाण्यात आकडे छान येतात. बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट आणि सल्फेट जागा अडवतात. वेगळा धागा काढा, मी लिहितो.

स्पेक्ट्रम: एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट) केलं का? पण फक्त त्यावर विसंबू नका. नायट्रेट १३८४ आणि कार्बोनेट १३६० प्रति सेंटिमीटरच्या आसपास, दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळतात.

प्रयोगवही: एफटीआयआर मशीन बंद आहे. कॉस्टिकची बाटली सगळ्यांची, कधी उघडली कुणास ठाऊक. नवी मागवतो. अजून काय?

जुना_रसायनी: कॉस्टिकचं ५० टक्के द्रावण करून झाकून ठेवा. त्यात सोडियम कार्बोनेट फारसं विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं नितळ तेवढं घ्या. पाणी उकळून झाकून गार करा, धुवायलाही तेच. सिलिंडर शेजारच्या लॅबकडे मागा. आणि सॅलिसिलेट कुठल्या पीएचला घालताय, ते अजून सांगितलं नाहीत.