मदत हवी आहे: गोदामाच्या 90,000 चौरस फूट आवाराचं प्रेशर वॉशिंग, रेट कसा काढू?

नमस्कार मंडळी. नागपुरात माझं जेट वॉशिंगचं छोटं काम आहे. सोसायट्यांची पार्किंग, एखादं मंगल कार्यालय, एवढाच आजवरचा पसारा. आता वर्धा रोडला, बुटीबोरीच्या बाजूला एका गोदामवाल्यानं कोटेशन मागितलंय. 60,000 चौरस फूट ट्रिमिक्स काँक्रीटचं आवार, 20,000 पेव्हर ब्लॉक आणि 10,000 लोडिंगचे धक्के.

जागा पाहून आलो. ट्रक उभे राहतात तिथं ऑइल इतकं मुरलंय की चप्पल चिकटते. किल्लीनं खरवडलं तर काळी पापडी निघाली, खाली डाग जसाच्या तसा.

माझ्याकडे 200 बार प्रेशरच्या, मिनिटाला 15 लिटर पाणी फेकणाऱ्या दोन थ्री फेज मशीन आहेत. दोन्हींना फरशीचा गोल फिरणारा क्लीनर लागतो. सोसायटीत मी नजरेनंच आकडा सांगतो आणि तो चालूनही जातो. इथं मात्र चौरस फुटामागे आठ आणे इकडचे तिकडे झाले की 45,000 रुपयांचा फरक! काम मे महिन्यात हवंय आणि मॅनेजर म्हणतो, "पाणी तुमचंच." दिवस कसे मोजायचे, रेट कुठून सुरू करायचा?

तर्री_जादा
मे महिन्यात, दिवसा, उघड्या काँक्रीटवर? राजेहो, जेट मारणाऱ्या पोरालाच आधी ओआरएस पाजावं लागेल. रात्रीची परवानगी काढा.

हिंगणा_रोड
भाऊ, रेट शेवटी काढायचा. आधी 20 बाय 50 फुटांचा तुकडा त्यांच्याच आवारात धुवून दाखवा, साबण-धुवणीसकट, घड्याळ लावून. समजा सव्वा तास लागला. म्हणजे एका मशीनचे तासाला 800 फूट, दोन मशीनचे 1,600. आठ तासांच्या पाळीत खरं धुणं सहाच तास धरा. बाकी वेळ पाइप ओढण्यात, ट्रक हलवायची वाट पाहण्यात आणि चहात जातो. दिवसाला 9,600 फूट झाले, म्हणजे सगळ्याला दहा दिवस. तुकडा मध्यम घाण असलेल्या जागी घ्या. मॅनेजर तुम्हाला गेटजवळची स्वच्छ जागा दाखवेल, तिथं अजिबात घेऊ नका.

आता पाणी. दोन मशीन, मिनिटाला 15 लिटर, सहा तास : 10,800 लिटर रोज. दहा हजार लिटरचा टँकर थोडक्यात कमी पडतो, आणि उन्हाळ्यात तो वेळेवर येईल याची खात्री कोण देणार? म्हणून मी कोटेशनमध्ये पाण्याची ओळ वेगळी टाकतो. त्यांनी दिलं तर ती रक्कम वजा. मशीन थेट टँकरला जोडू नका. मध्ये टाकी ठेवा आणि फिल्टर लावा, नाहीतर पंप हवा ओढतो आणि सील जातात. बोअरच्या पाण्यात वाळूचे कण असतील तर नोझलचं भोक रोज तपासा. ते घासून मोठं झालं की प्रेशर पडतं, आणि आपण उगाच मोटारीला दोष देतो.

ऑइलच्या जागेचा भाव वेगळाच लावा. तिथं नुसत्या प्रेशरनं काही होत नाही. आधी पत्र्यानं पापडी काढायची, अल्कलाइन डिग्रीझर (तेलकटपणा सोडवणारं केमिकल) टाकून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, ब्रश मारायचा, मग जेट. गरम पाण्याचं मशीन भाड्यानं मिळालं तर सोन्याहून पिवळं. डिग्रीझर वाळू द्यायचा नाही आणि मे महिन्याच्या दुपारी तो पसरताच वाळतो, त्यामुळे वरच्या तर्रीवाल्यांचं रात्रीचं म्हणणं बरोबर आहे. "डाग फिका होईल, पूर्ण जाईल याची हमी नाही" हे लेखी द्या.

पेव्हरच्या सांध्यातली वाळू जेटनं उडते. ती परत भरायची कोणी, हे आधीच ठरवा. आणि ॲसिड मारून मोकळं व्हायचा मोह कुणाला झालाच तर सांगतो, काँक्रीटचा वरचा थर खाल्ला जातो. ऑफिसच्या पायऱ्यांना कोटा असेल तर त्याची चकाकी गेलीच समजा.

धागाकर्ता
दादा, फार उपयोगी. ऑइलचं पाणी कुठं सोडायचं? आवाराला एकच नाली आहे, ती बाहेर पावसाळी नाल्याला मिळते.

हिंगणा_रोड
तिथं सोडू नका. उताराच्या टोकाला वाळूच्या गोण्यांचा बांध घाला आणि पाणी पंपानं टाकीत घ्या. त्यांच्याकडे सांडपाण्याची प्रक्रिया असेल तर तिथं द्या, नसेल तर विल्हेवाटीची जबाबदारी त्यांची, असं ऑर्डरमध्ये लिहून घ्या. मी हा मुद्दा रेटच्याही आधी काढतो. यावर गप्प बसणारा गिऱ्हाईक बिलाच्या वेळीही गप्पच बसतो.

खतावणी
पैशाचं मी सांगते. जीएसटी नोंदणी असेल तर "अधिक 18% जीएसटी" असं ठळक लिहा, नाहीतर तोच रेट सगळं धरून आहे असा वाद घालतील. टीडीएस कापतील, तो हातात येणाऱ्या रकमेत धरून ठेवा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करारात मुदत नसेल तर 15 दिवसांत. तरी टँकर आणि केमिकलपुरता ॲडव्हान्स घेतल्याशिवाय गाडी भरू नका. आणि मजुरांचा विमा? मोठे गोदामवाले गेटवरच कागद मागतात.

धागाकर्ता
ताई, विमा नाहीये, काढतो. शनिवारी नमुन्याचा तुकडा धुतोय, एक साधा आणि एक ऑइलचा, दोन्ही वेगळे मोजणार. पाणी, मजुरी, केमिकल, नेआण, एक राखीव दिवस आणि मशीनची झीज मांडून वर नफा, मग भागिले चौरस फूट. साध्या जागेचा आणि ऑइलच्या जागेचा रेट वेगळा. गरम पाण्याचं मशीन नागपुरात भाड्यानं देणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.