चंद्रावरच्या धुळीत भाजीपाला? जमेल की नाही, बोला

निपाणीचा_शेतकरी
चंद्रावर दगडाच्या चुऱ्याचा नि धुळीचा थर पसरलाय, रेगोलिथ म्हणतात त्याला. आपल्याला खालून जे काळे डाग दिसतात तिथं तो साधारण ४-५ मीटर, उंच भागात १०-१५ मीटर. ते डाग म्हणजे बसाल्ट, आमच्या काळ्या रानाखाली आहे त्याच जातीचा दगड. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात अपोलो यानांनी आणलेल्या नमुन्यांत मोहरीच्या कुळातलं रोप उगवलंही. मग तिथं राहायला जाणाऱ्यांनी भाजी तिथंच का लावू नये?

खानापूरकर
दगड एक म्हणून रान एक होत नाही ओ अण्णा. काळी माती झाली ती पाण्यानं दगड कुजवून. चंद्रावर पाऊस नाही, हवा नाही. तिथं अब्जावधी वर्षं उल्का आदळून दगड फुटतोय, म्हणून कण धारदार नि त्यात वितळून थिजलेली काच. ओल धरायला चिकणमाती नाही, सेंद्रिय कण नाही, नत्र नावालाच. आणि ती रोपं? मुळं खुरटलेली, काहींची पानं जांभळट. तीही जेमतेम ग्रॅमभर चुऱ्यात, वरनं खतपाणी घालून!

निपाणीचा_शेतकरी
खत आम्ही नाही घालत काय? बी सगळ्या नमुन्यांत रुजलं, ते सांगितलं नाही तुम्ही.

टिळकवाडी_कट्टा
तुम्ही दोघं पिकावरच अडलाय. भाजी पाण्यावर वाढवा, हा चुरा घरावर रचा, किरणोत्सर्ग अडतो. चांद्रयान-३ च्या उपकरणानं २०२३ मध्ये मोजलं: वर ५० अंशांच्या पुढं, आणि ८ सेंटिमीटर खाली उणे १०! कणांच्या मधे हवाच नाही, ऊन खाली उतरणार कसं? असलं पांघरूण फुकट पडलंय.

खानापूरकर
हे पटलं. पण रचताना उडणाऱ्या धुळीचं काय? १९७२ मध्ये अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिटना यानात परतल्यावर त्या धुळीनं शिंका नि चोंदलेलं नाक. त्यात रोज खुरपणी करायची म्हणताय.

निपाणीचा_शेतकरी
खुरपणी कशाला, तण कुठनं येणार तिथं? बरं, प्रयोगात सगळ्यात वाईट वाढ अपोलो ११ च्या नमुन्यात झाली, कारण तो चुरा उघड्यावर जास्त काळ मार खाल्लेला. म्हणजे रानारानात फरक आहेच. अलीकडच्या विवराजवळचा ताजा चुरा घ्या, चाळा, धुवा, मग पेरा. पाणी कुठनं आणायचं तेवढं टिळकवाडीवाल्यांनी सांगावं. त्यांच्या पाण्यावरच्या भाजीलाही ते लागणारच.