डुकराची मादी निवडताना जन्मलेली पिल्लं मोजायची की जगलेली?

लातूरचा वराहपालक:
आपल्याकडे मादी घेताना पहिला प्रश्न ठरलेला, "आईनं किती टाकली?" 14 म्हटलं की भाव चढतो. माझं ठाम मत आहे, नुसता हा आकडा फसवतो. मोठ्या वेतात पिल्लं हलकी पडतात. किलोच्या आतलं पिल्लू चीक प्यायच्या आधीच गारठतं, नाहीतर आईखाली चेंगरतं. डेन्मार्कवाल्यांनी जन्माचा आकडा धरून निवड केली, मर वाढली, मग 2004 पासून पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिल्लं मोजायला घेतली. आपण दूध तुटेपर्यंत जगलेली मोजू. आणि सड बघा. पिल्लू उताणं धरून दोन्ही रांगांवर बोट फिरवा; आत वळलेला सड पुढं कामाचा नाही.

परभणीकर:
नाही पटत. वेतातल्या पिल्लांच्या संख्येची आनुवंशिकता जेमतेम 0.1. म्हणजे माद्यांमधल्या फरकाचा दहावा हिस्सा रक्तातला, बाकी खाणं, वय, नर लावायची वेळ अन् ऊन. मे महिन्यात आपल्याकडं पारा 42 वर. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. नर तापला की पुढं महिना-दीड महिना वीर्य खराब. मग माद्या उलटतात, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येतात, आणि लोक "वंशच वाईट" म्हणून त्या विकून टाकतात! आधी पत्र्यावर पाचट टाका.

लातूरचा वराहपालक:
दादा, पाचट टाकायलाच पाहिजे. पण 0.1 म्हणजे शून्य नव्हे. एका वेतावर निकाल देऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. तीन-चार वेतांची सरासरी काढा, आई-बहिणींच्या नोंदी जोडा, अंदाज पक्का होत जातो. गाभणकाळ 114 दिवसांचा, वर्षात दोन वेतं होतात, नोंदी साठायला वेळ लागत नाही. पाचट दरसाल टाकावं लागतं, निवडलेला गुण पुढच्या पिढीत उतरतो. सडांच्या संख्येची आनुवंशिकता तर याहून बरीच जास्त आहे.

नांदेडची पशुवैद्यक:
दोघंही नराला विसरलात. तो वीत नाही, म्हणून त्याची आई आणि बहिणी बघायच्या. गावात एकच नर वर्षानुवर्षं, त्याच्याच लेकींवर! जवळच्या नात्यात आधी घटते ती पिल्लांची संख्या आणि त्यांची जगण्याची ताकद. संकराचा फायदाही याच गुणांना जास्त मिळतो. यॉर्कशायर जातीच्या मादीला लँड्रेस जातीचा नर लावा, त्यातल्या संकरित मादीला ड्युरॉक जातीचा.

परभणीकर:
ताई, नराचं पटलं. पण 20 माद्यांवाल्यानं दोन-दोन शुद्ध कळप कुठून सांभाळायचे?

लातूरचा वराहपालक:
चौघांनी मिळून नर आलटून-पालटून वापरायचा.

नांदेडची पशुवैद्यक:
अजिबात नको. नराबरोबर स्वाईन फीवर, म्हणजे डुकरांचा जीवघेणा साथरोगही गोठ्यागोठ्यात फिरेल. तपासलेल्या नराचं वीर्य आणा, आणि पिल्लांच्या कानाला खाचा पहिल्याच दिवशी मारा, नाहीतर कोण कुणाचं ते वहीत लिहिणार कसं?