सत्कार कुणाचा? साहेबांचा की चावीवाल्याचा?

बाळीवेसकर
काल २१ एप्रिल, नागरी सेवा दिन. १९४७ साली याच तारखेला सरदार पटेल दिल्लीत मेटकाफ हाऊसमध्ये नव्या प्रशासकीय अधिकाऱ्यांपुढं बोलले होते, म्हणून २००६ पासून हा दिवस पाळतात. सकाळपासून मोबाइलवर शाल-श्रीफळाचे फोटो, सगळे साहेब. त्याबद्दल तक्रार नाही, साहेबही राबतात. पण काल रात्री अडीचला आमच्या बोळात पाचव्या दिवशी पाणी आलं आणि ते सोडायला आलेल्या माणसाकडं बॅटरीसुद्धा स्वतःच्या पैशाची होती.

सोलापूरकरांना पाण्याचं सांगायला नको. उजनी धरण भरलेलं असो की मायनसमध्ये, घरात बॅरल भरून ठेवायचं चुकत नाही. कुठल्या बोळाला किती वेळ, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच फिरवायचा, नाहीतर टोकाच्या घरी थेंब जात नाही, हे सगळं त्या चावीवाल्याच्या मनगटात असतं. तो लोखंडी दांडा खांद्यावर टाकून सायकलवरून येतो. एरवी त्याला शिव्या, "दहा मिनिटं कमी सोडलास". घरात लग्न निघालं की मात्र "मामा, आमचं तेवढं बघा की".

मी म्हणतो, सरकारनं करायची वाट कशाला बघायची? गल्लीनंच अशा माणसांचा सत्कार करावा. काय वाटतं?

होटगीरोडचा_स्पष्टवक्ता
पगार घेतात ना? मग सत्कार कशाचा? माझा भाऊ टॉवेलच्या कारखान्यात मागावर बारा तास उभा असतो, त्याला कुणी नारळ दिलेला मी बघितला नाही.

वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी एका कार्यालयात सात महिने हेलपाटे घातले. फेरफाराच्या नोटिशीची मुदत पंधरा दिवस. सातव्या महिन्यात कळालं, अर्ज टेबलावरून हललाच नव्हता. "साहेब मीटिंगला गेलेत" हे वाक्य मला झोपेतही ऐकू येतं. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. काम मुदतीत झालं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. तो दंड भरलेला एक माणूस दाखवा, हार मी माझ्या खर्चानं आणतो.

सीनाकाठचा
स्पष्टवक्ता, तुमचा राग खरा आहे. पण सप्टेंबर २०२५ ला सीनेला पूर आला तेव्हा तुम्ही शहरात होता, आम्ही मोहोळ तालुक्यात पत्र्यावर होतो. पाणी उतरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, तिघं पंचनाम्याला आले. मांडीएवढा चिखल, चपला हातात. कृषी सहायक बाई सहा महिन्यांच्या गरोदर होत्या. बांधावरून अंदाजे आकडा टाकून गेल्या असत्या तरी कुणी विचारलं नसतं. त्या प्रत्येक तुकड्यात उतरल्या. आता हेही सांगतो, शेजारच्या गावात पंचनामा पारावर बसून झाला आणि ज्याची जमीनच नदीकाठी नाही त्याचं नाव यादीत आलं. खातं एकच, काम दोन तऱ्हांचं.

होटगीरोडचा_स्पष्टवक्ता
म्हणजे नशीब चांगलं असलं तर चांगला माणूस वाट्याला येणार. ह्यालाच तर माझा विरोध आहे. कामाची खात्री नशिबावर नको, नियमावर पाहिजे.

झेडपीच्या_बाई
मी बावीस वर्षं जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझाही सत्काराला विरोध आहे, पण कारण वेगळं.

७ मे २०२४ ला आपल्याकडं लोकसभेचं मतदान होतं. आदल्या दिवशी दुपारच्या उन्हात मशिनच्या पेट्या घेऊन एसटीत बसलो, ती रात्र शाळेच्या फरशीवर काढली, दुसऱ्या दिवशी पेट्या जमा करून घरी यायला पहाट झाली. भत्ता मिळाला, कौतुकही झालं. पण वर्षभर सर्वेक्षणं, याद्या, ऑनलाइन माहिती चालूच असते, आणि तिसरीतलं पोर भागाकारात मागं पडलं की विचारणार मलाच. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. अभिमान आहेच. पण त्या आठवड्यातही आमच्या शाळेत चार वर्गांना दोनच शिक्षक होते. मला शाल नको, तिसरा शिक्षक द्या.

कन्नाचौक
आणि पेन्शन? ती राहिली की. 😄 मार्च २०२३ ला सात दिवस संप केलाव, तेव्हा दवाखान्यात माझ्या आईची तारीख पुढं गेली. सेवा सेवा म्हणताव, मग संप कशाला?

झेडपीच्या_बाई
तुमच्या आईला त्रास झाला त्याचं वाईट वाटतं. पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या माणसाला जुनी पेन्शन नाही, शेजारच्या खुर्चीवरच्याला आहे. ते मागणं म्हणजे सेवा सोडणं नव्हे. मी स्वतः जुन्या योजनेत आहे, तरी संपात होते.

पंढरीचा_पुंडा
आषाढीची दुसरी सकाळ बघा कधी. लाखो माणसं परतलेली असतात आणि सफाई कामगार वाळवंटात खराटा घेऊन उभे. वारकऱ्याच्या पाया पडतो आपण, त्यांच्या बाजूनं मात्र नाक धरून जातो. हाराचं जाऊ द्या, हातमोजे तरी?

बाळीवेसकर
बाईंचं पटलं. स्पष्टवक्त्यांचं अर्धं पटलं. नियमावर काम चालावं हे खरंच, पण नियमात नसलेलं जे काम माणूस करतो, त्याची दखल कोण घेणार? गरोदर बाई चिखलात उतरली ती काय नियमानं?

असो. काल रात्री चावीवाला आला तेव्हा त्यालाच विचारलं, "मामा, गल्लीतर्फे तुमचा सत्कार करायचा म्हणतोय." मामा दांडा फिरवता फिरवता थांबला. म्हणाला, "नको ओ. फोटो आला की पलीकडच्या बोळातले म्हणतील, बघा, ह्यांचा हार घेतला, म्हणून ह्यांनाच जास्त सोडायलाय. मला रोज तिकडूनच जायचंय."

सत्कार रद्द.

होटगीरोडचा_स्पष्टवक्ता
हा माणूस आवडला बे. आमच्याकडं कधी सोडणार, तेवढं विचार की त्याला.